अलिबागला लग्न करायचंय? जागा कशी निवडावी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आम्ही नागावच्या एका वाडीत लावलं. आम्ही ठाण्याचे, व्याही पुण्याचे, अलिबागला आमचं कुणीच नाही. बहिणीचं म्हणणं एवढंच होतं की अक्षता पडताना समुद्राची गाज ऐकू यावी. त्यासाठी आम्ही चार महिन्यांत सात फेऱ्या मारल्या, एका जागेचा बयाणा बुडाला, आणि लग्नाला तीन आठवडे राहिलेले असताना मांडवाची जागा बदलावी लागली. लग्न छान झालं. पण जे आम्हाला फेऱ्या मारून कळलं, ते तुम्हाला घरबसल्या कळावं म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. जागा पाहायला जाल तेव्हा मुहूर्त ज्या वेळेचा आहे त्याच वेळेला जा, आणि जमलं तर आधीच्या एखाद्या महिन्यात त्याच तिथीला जा. सुट्टी मिळाली म्हणून रविवारी सकाळी अकराला जाऊन आलात, तर तुम्ही वेगळीच जागा पाहून आला आहात असं समजा.

१. आधी पट्टा ठरवा

लोक "अलिबागला लग्न" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचा सगळा किनारा असतो. त्यात फार फरक आहे.

अलिबाग शहरात मंगल कार्यालयं आहेत, लॉज आहेत, बाजार, बँका, रुग्णालय, एसटी स्टँड सगळं हाताशी आहे. शिवाय हे गाव आंग्र्यांचं. कान्होजींची समाधी गावातच आहे, 1720 मध्ये बांधलेला हिराकोट आहे, इस्राएल आळीत बेने इस्राएली ज्यूंचं सिनेगॉग आहे, आणि 1904 पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम इथे हलवलं होतं. वऱ्हाडातल्या ज्येष्ठांना दुपारी पायी फिरवून आणण्यासारखं हे गाव आहे. अडचण गर्दीची. शनिवार-रविवारी समुद्राकडच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.

उत्तरेला किहीम, आवास, सासवणे, मांडवा. बोटीने येणाऱ्यांना हा भाग जवळ पडतो. झाडी दाट आहे. सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला ते किहीम हेच. पण इथे खासगी बंगले फार, आणि बंगला दिसायला मोठा असला तरी दोनशे माणसांची पंगत बसेलच असं नाही.

दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्या, घराघरांत पाहुण्यांच्या खोल्या, आणि गावातच स्वयंपाकाला मदत करणाऱ्या बायका. रेवदंड्याला तर पोर्तुगिजांच्या तटबंदीच्या आतच वाड्या आहेत. चौल समुद्रापासून जरा आत आहे, पण रामेश्वराचं देऊळ आणि समोरची पुष्करणी पाहिलीत तर समुद्राचा हट्ट सोडावासा वाटेल. माझ्या आईला वाटला होता.

आम्ही नागाव निवडलं, कारण तीस-पस्तीस पाहुण्यांची रात्रीची सोय एकाच आळीत, चालत जाण्याच्या अंतरात होत होती. दीडशे-दोनशेच्या वर वऱ्हाड असेल आणि बहुतेक लोक त्याच दिवशी परतणार असतील, तर शहरातलं कार्यालय बघा. तुमची दमछाक वाचेल.

२. मुहूर्त आला की भरती-ओहोटी काढा

आमची सगळ्यांत मोठी चूक इथे झाली. पहिल्यांदा नागावला गेलो तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार होता, संध्याकाळचे सहा वाजले होते. पाणी एवढं आत गेलेलं की किनारा म्हणजे मैदानच वाटलं. इथेच मांडव घालायचा असं बहिणीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मुहूर्त निघाला माघ शुद्ध दशमीचा, गोरज. आम्ही आनंदात.

त्या जागेचे मालक काका कोळीवाड्यातल्या एका आजोबांना घेऊन आले तेव्हा उलगडा झाला. आजोबांनी तिथी विचारली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "साडेसातला पूर्ण भरती. तुमचा नवरा पाण्यात उभा राहणार काय?"

त्यांचा हिशेब सोपा आहे, तुम्हीही करू शकता. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात. चतुर्थी असेल तर तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आसपास. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर असतं आणि मधोमध ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून तारीख पक्की झाली की मुंबई बंदराचं भरतीचं छापील वेळापत्रक नक्की पाहा.

दुसरी गोष्ट, सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी वरपर्यंत चढतं आणि ओहोटीला खूप आतही जातं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. म्हणजे संध्याकाळचं लग्न समुद्राच्या जवळ हवं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा मुहूर्त सोयीचा, कारण तेव्हा सहाच्या सुमाराला ओहोटी असते. सकाळी अकरा-बाराचा मुहूर्त असेल तर बरोबर उलटं, तेव्हा अष्टमीच्या आसपासचा बरा.

आम्ही शेवटी लग्न वाडीत लावलं आणि समुद्रावरचे फोटो दुपारी तीनच्या आत उरकले.

फोटोवरून आठवलं, अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला. ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं, म्हणून प्रत्येक जोडप्याला तिथे फोटो हवे असतात. जरूर जा, आतलं सिद्धिविनायकाचं देऊळ आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर पाहण्यासारखी आहे. पण ओहोटी सुरू झाल्यावर लवकर निघा आणि पाणी वळायच्या आत परत या. नऊवारी आणि दागिने घालून गुडघाभर पाण्यातून येणं धोक्याचं आहे. किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे समारंभ करता येत नाही, आणि कॅमेऱ्याचा मोठा लवाजमा न्यायचा असेल तर आधी परवानगीचं विचारून घ्या. "किल्ल्यात लग्न लावून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका.

३. पाहुणे कसे येणार, हे जागेआधी ठरवा

मुंबईहून दोन वाटा. एक रस्त्याने, पेण आणि वडखळवरून, साधारण शंभर किलोमीटर. दुसरी समुद्राने मांडव्याला. गेटवेहून लाँच आणि कॅटामरान सुटतात, आणि भाऊच्या धक्क्यावरून मार्च 2020 पासून रो-रो आहे, तिच्यात गाडीसुद्धा चढते. मांडवा ते अलिबाग आणखी वीसेक किलोमीटर, तिथून नागाव-रेवदंडा पुढे.

सापळा असा आहे की बोटीचा प्रवास तासाभराचा म्हणून सगळे बोटीवर भरवसा ठेवतात. शेवटची बोट संध्याकाळी सुटते. गोरज मुहूर्ताचं लग्न आटोपून, जेवून, कुणीही बोटीने परत जाऊ शकत नाही. पत्रिकेसोबत हे स्पष्ट कळवा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, आणि मेच्या अखेरीस हवा बिघडली तर आयत्या वेळी फेरी रद्द होते. सुट्टीच्या दिवशी रो-रोला गाडीसाठी जागा मिळत नाही, तिकीट आधी काढावं लागतं.

रस्त्याने येणाऱ्यांना वडखळ ते पोयनाड ते कार्लेखिंड हा टप्पा सांगून ठेवा. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी अलिबागकडे, रविवारी संध्याकाळी उलट दिशेने गाड्यांच्या रांगा लागतात. आमचे पुण्याचे व्याही खोपोली-पेणवरून आले, शुक्रवारी दुपारी निघाले म्हणून सुखात पोचले. त्यांचे चुलते शनिवारी पहाटे निघाले आणि सीमांतपूजन चुकलं. शक्य असेल तर लग्न मधल्या वारी करा. भाडंही कमी पडतं आणि मालकही दोन गोष्टी जास्त ऐकून घेतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र पूर्ण सोडा.

४. वाडीत गेलात की काय पाहायचं

वाडी पहिल्या नजरेत सगळ्यांना आवडते. ओल्या मातीचा वास, पाटाचं पाणी, वर झावळ्यांचं छत. मन भरून पाहून घ्या आणि मग वही काढा.

नारळ. मांडव ज्या माडांखाली पडणार त्यांचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या लग्नाआधी उतरवून घेणार का, हे विचारा आणि करारात लिहून घ्या. हे कुणी आपणहून सांगत नाही. वाडीत राहणाऱ्यांना सवय असते, ते कुठे उभं राहायचं ते जाणतात. आपल्या मांडवात लहान मुलं खेळत असतात.

पाणी. किनाऱ्यालगतच्या बोअरला बऱ्याच ठिकाणी खारट पाणी लागतं. नळ सोडून स्वतः चाखून बघा. आंघोळीला चालेल, पण त्यात डाळ नीट शिजत नाही आणि चहा फाटतो. स्वयंपाकाला आणि प्यायला पाणी कुठून येणार, टँकर कोण मागवणार, टाकी किती लिटरची, हे विचारा.

वीज. जनरेटर आहे का, किती क्षमतेचा, डिझेल कुणाचं, आणि तो मांडवापासून किती लांब ठेवणार. आम्ही पाहिलेल्या एका जागी जनरेटर बोहल्याच्या पाठीलाच होता, मंगलाष्टकं ऐकू आली नसती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कित्येक दिवस गावंच्या गावं अंधारात होती. तेव्हापासून इथले लोक जनरेटरची नीट काळजी घेतात, पण तुम्ही तो चालू करून दाखवायला सांगाच.

वारा आणि दव. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, सूर्यास्तानंतर हळूहळू पडतात. होमकुंड आणि समई उघड्यावर पश्चिमेला ठेवलीत तर भटजींची सगळी शक्ती आग सांभाळण्यात जाईल. त्या बाजूला झापांची किंवा कापडाची आड लावून घ्या. हिवाळ्यात रात्री दव पडतं. गाद्या, खुर्च्यांची कापडं, बायकांचे शालू सगळं ओलसर होतं. मांडवाला वरून नुसती जाळी किंवा फुलांच्या माळा पुरत नाहीत, जाड कापडाचं छत हवंच.

वाट. नागाव-आक्षीत दोन वाड्यांमधले रस्ते अरुंद आहेत. केटररचा टेम्पो आणि पाहुण्यांची बस शेवटपर्यंत येते का, ते मालकाला न विचारता केटररलाच एकदा आणून दाखवा. आमची बस अर्धा किलोमीटर अलीकडे थांबली. मग गावातल्या सहाआसनी रिक्षा ठरवल्या आणि आज्जी-आजोबा त्यातून आले.

शौचालयं. किती, कमोडची किती, रात्री तिथपर्यंत उजेड आहे का. डासांसाठी संध्याकाळी धूर करणार का. आणि एक खोली नवरीला तयार व्हायला, आतून कडी लागणारी, आरसा आणि पंखा असलेली. हे शेवटचं फार कमी जागी असतं.

५. जागा कागदावर काय आहे, ते पाहा

आमचा बयाणा बुडाला तो इथे. बंगला सुंदर होता, समुद्र दिसत होता, मालकाने आगाऊ रक्कम घेतली. नंतर गावात चौकशी केल्यावर कळलं की ती जागा फक्त राहण्यासाठी होती, आधीच्या एका समारंभात मोठ्या आवाजावरून शेजाऱ्यांची तक्रार झालेली, आणि ग्रामपंचायत ना हरकत द्यायला तयार नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत, कारण आमच्याकडे पावतीसुद्धा नव्हती.

म्हणून बयाण्याआधी हे बघून घ्या:

- जागेचा सातबारा किंवा मिळकत उतारा. नाव देणाऱ्याचंच आहे का, की तो नुसता मध्यस्थ आहे.
- व्यवसायासाठी काय परवाना आहे. निवास-न्याहारी योजनेत नोंदलेलं घर पाहुणे ठेवू शकतं, पण त्यावरून तिथे तीनशे माणसांचं लग्न चालतं असा अर्थ होत नाही.
- ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र मालक आणणार की तुम्ही.
- केटररचा अन्न परवाना.

आणि गावात विचारा. देवळाच्या पारावर, किराणा दुकानात, शेजारच्या घरात. "इथे लग्नं होतात का, काही त्रास झाला का" एवढं विचारलंत तरी पुरे.

६. परवानग्या

वाळूचा किनारा कुणाच्याही मालकीचा नाही, तो सरकारी आहे. "समोरचा बीच आमचाच" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. किनाऱ्यावर मांडव, मंच, खुर्च्या लावायच्या तर ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, पोलीस ठाणे आणि मेरीटाईम बोर्ड अशा एकाहून जास्त दारांत जावं लागतं, आणि किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम असतात. पक्कं बांधकाम तर नाहीच नाही. वेळ कमी असेल तर लग्न खासगी आवारात लावा.

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, देशभर हाच नियम आहे. हळदीला डीजे बारापर्यंत चालेल असं कुणी तोंडी सांगितलं तरी त्यावर जाऊ नका. आमच्या हळदीला साडेनऊला डीजे बंद झाला, आणि मग शेजारच्या आगरी आज्यांनी धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हटले. त्यातल्या एक धवलारीण म्हणूनच ओळखल्या जातात. लग्नातलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल तर ती पाऊण तासाची हळद. गावात कुणी धवलारीण आहे का हे आधीच विचारून, मानाने बोलावणं करा, साडी-ओटी द्या.

अर्जासोबत लागतं ते: वधू किंवा वराच्या पालकांचा अर्ज, आधारची प्रत, लग्नपत्रिका, जागामालकाचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचं ना हरकत. सगळ्याच्या तीन-तीन प्रती ठेवा आणि अर्ज दिल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या.

७. करार

साध्या कागदावर का होईना, पण लिहून घ्या. जागा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळणार, हळदीचा दिवस धरलाय का, खोल्या किती, बाहेरचा केटरर, मांडववाला चालतो का, की त्यांचाच घ्यावा लागतो, रक्कम जीएसटी धरून की सोडून, साफसफाई, वीज, डिझेल वेगळं का, अनामत कधी परत, तारीख रद्द झाली तर किती कापणार. वादळाचा इशारा आला किंवा प्रशासनाने किनारा बंद केला तर काय, हेही वेगळं लिहा. रोख दिलीत तरी पावती घ्या.

८. जेवण

यावर फार लिहीत नाही, केटरर आपापल्या चवीचा निवडाल. पण अलिबागला जाऊन पनीर आणि चायनीज खाऊ घालू नका एवढी विनंती. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक ठेवा. लग्न थंडीत असेल तर हळदीच्या रात्री पोपटी लावा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि शेकोटी. शाकाहाऱ्यांसाठी वेगळं मडकं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याकडचा पांढरा कांदा निघतो, 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आम्ही परतीच्या आहेरात प्रत्येक घराला एकेक माळ दिली. अजून लोक आठवण काढतात.

९. लग्नाची नोंदणी तिथेच होणार असेल तर

गावात लग्न लागलं की नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे, अलिबाग शहरात लागलं तर नगरपरिषदेत. 90 दिवसांच्या आत करा, नंतर जास्तीचं शुल्क पडतं. लागणारे कागद:

- विवाह ज्ञापनाचा अर्ज, म्हणजे नमुना ड
- दोघांचे वयाचे आणि राहत्या पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो
- लग्नपत्रिका आणि विधी चालू असतानाचा फोटो
- तीन साक्षीदार, त्यांची ओळखपत्रं
- लग्न लावणाऱ्या भटजींची सही

हा अर्ज लग्नाआधीच आणून, भरून, मांडवात जवळ ठेवा. कन्यादान झालं की भटजींची आणि साक्षीदारांची सही तिथल्या तिथे घ्या. आम्ही "नंतर बघू" म्हटलं. भटजी पेणचे, एक साक्षीदार नागपूरचा मामा, तो दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्सप्रेसने गेला. मग त्याच्या जागी दुसरा साक्षीदार शोधला, भटजींच्या सहीसाठी पेण गाठलं, आणि नागावला पोचलो तर ग्रामसेवक त्या दिवशी पंचायत समितीत बैठकीला गेलेले. जायच्या आदल्या दिवशी फोन करून ते कार्यालयात असणार का, तेवढं विचारून घ्या.